मदत हवी आहे: ऑक्सिजन तपासणीची उजळणी कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. बडोद्यात आम्ही काही स्वयंसेवक विश्वामित्री नदीचं पाणी दरमहा तपासतो. मगरी असल्याने काठावर उतरत नाही, पुलावरून दोरीला बादली बांधून नमुना घेतो. तापमान, सामू ठीक येतात. गाडं अडतं ते विरघळलेल्या ऑक्सिजनवर. विंकलर पद्धतीने (बाटलीतल्या पाण्यात रसायनं घालून, मग रंग जाईपर्यंत थेंबाथेंबाने द्रावण सोडून ऑक्सिजन मोजायची रीत) एकाच बादलीतल्या पाण्याचे दोघांचे आकडे लिटरमागे दीड-दोन मिलिग्रॅमने वेगळे येतात. माशांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकषच किमान ४ मिलिग्रॅम आहे, मग असा आकडा कुणापुढे ठेवायचा?

थेंबाथेंबाने सोडायचं ते द्रावण, म्हणजे थायोसल्फेट, ताजं आणून पाहिलं, फरक तसाच. म्हणजे दोष हाताचा. कुणाच्या बाटलीत बुडबुडा राहतो, कुणी निळा रंग आणणारा स्टार्च फार लवकर घालतं, कुणी निळा रंग गेल्यावरही थेंब सोडत राहतं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, सवयी मात्र सुटल्या नाहीत.

आता एका रविवारी तीन तासांची उजळणी ठरवतोय. जागा गच्चीची, ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरला पैसे नाहीत. बरेचजण निवृत्त आणि मनापासून करणारे आहेत. परीक्षा घेतल्यासारखं वाटून कुणी दुखावू नये.

असा वर्ग कुणी घेतलाय का? सगळ्यांना एकच नमुना देऊन आकडे ताडायचे, की जोड्या करून एकमेकांचं काम बघू द्यायचं? आणि दोघांच्या आकड्यांत किती फरक चालवून घेता?