डबी भरण्याआधी पिशवी रिकामी करा

सात वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी आणून दिली की एकट्या राहणाऱ्या आईच्या औषधांची काळजी मिटते, हे मला पूर्ण पटत नाही. माझी मावशी साताऱ्यात एकटी राहते, वय ७८. डबी होतीच, तरी तिला सारखी चक्कर यायची. शेवटी औषधांची अख्खी पिशवी पलंगावर ओतली, तर अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी निघालं! दुकानातून एकदा दुसऱ्या कंपनीची पट्टी आली, ती तिने नवी गोळी समजून जुनीच्या जोडीला सुरू केली. मूळ औषधाचं नाव पट्टीवर असतं, पण इंग्रजीत आणि चकचकीत फॉइलवर. ते तिला दिसणार कसं? डॉक्टरांना दाखवून एक बंद केली. आता मी प्रत्येक पट्टीवर मार्करने 'बीपी', 'साखर' असं ठळक लिहून ठेवते. आणि शक्यतो पट्टी कापून आणू नका, तुकड्यावर नाव आणि मुदत राहतेच असं नाही.

थायरॉइडची गोळी मात्र 'सकाळ'च्या खणात इतरांबरोबर टाकू नका. ती उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची. कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी. मावशी दोन्ही एकदम घ्यायची, तेही चहाबरोबर.