ऑनलाइन बुद्धिबळ: तुमचे अनुभव सांगा

रानजाई
रविवारी लेकाला घेऊन बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेले होते. वय वर्षं अकरा. लॉकडाऊनमध्ये माझ्या मोबाईलवर शिकला, त्यावरच वाढला. ऑनलाइन रॅपिडला (दहा-पंधरा मिनिटांचे डाव) रेटिंग १३०० च्या वर आहे म्हणून आम्ही दोघंही निर्धास्त. पहिल्याच डावात पठ्ठ्याने चाल केली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. घड्याळ दाबायचं असतं हे डोक्यातच नाही. समोरची मुलगी शांत. मी दारातून बघतेय, बोलता येत नाही. त्याच्या वेळातली सात मिनिटं गेली. दुसऱ्या डावात उंटाला हात लावला, मग विचार बदलून घोडा उचलला. समोरच्या मुलाने हात वर केला, पंच आले. "आधी उंटाला हात लागला ना? मग उंटच चालव." उंट गेला, पाठोपाठ डाव गेला.

येताना गाडीवर मागून म्हणाला, "आई, तो सारखा माझ्याकडे बघत होता गं."

आणि मला एकदम आमची वाईची ओसरी आठवली. अण्णा आणि शेजारचे पोस्टातले काका दिवेलागणीला पट मांडायचे. देशी नियमांनी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि राजाला शह बसायच्या आत एकदाच घोड्यासारखी उडी. मी अण्णांच्या पाठीशी बसून बघायचे, अट एकच, तोंड उघडायचं नाही. "शिवलं की चाललं" हा अण्णांचा कायदा. काका अडचणीत आले की तपकिरीच्या डबीचं झाकण उघडमीट करत बसायचे. पटाकडे न बघता मला कळायचं.

पण अण्णांना जन्मभर तेवढा एकच गडी मिळाला. लेक काल रात्री ब्राझीलच्या कुणाशी तरी खेळत होता. काय मिळालं आणि काय निसटलं, तुमच्या घरात काय झालं ते लिहा ना.

चिंचबोर
घड्याळाचं अगदी अगदी!! पुतणीचं हेच झालं होतं. आता घरी पटावरच्या डावातही चाल केली की शेजारी ठेवलेल्या वाटीवर टिचकी मारायला लावतो. सवय झाली.

सांगलीकर_सध्या_जर्मनीत
माझा अनुभव वेगळ्या बाजूचा. बाबा ७४ वर्षांचे, सांगलीत एकटे. फोनवर दोन वाक्यांपुढे जात नाहीत. "बरा आहेस ना? ठेवतो." दोन वर्षांपूर्वी सुट्टीत त्यांच्या फोनवर लिचेस हे बुद्धिबळाचं ॲप टाकून दिलं, फुकट आहे, जाहिराती नाहीत. एका चालीला तीन दिवस मुदत असलेला डाव लावला. तेव्हापासून आमचा एक ना एक डाव चालूच असतो. ते भल्या पहाटे उठून चहा ठेवतात आणि चाल करतात, तेव्हा माझ्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. सकाळी उठल्यावर आधी तेच बघतो. चाल आलेली असली म्हणजे बाबा उठलेत, चहा झालाय. मागच्या पावसाळ्यात एकदा दुपारपर्यंत चाल आली नाही आणि मी शेजाऱ्यांना फोन केला. तापाने फणफणले होते, कुणाला सांगितलं नव्हतं.
तोटा विचाराल तर पूर्वी ते वजीर मारला की मांडीवर थाप मारायचे. ती ऐकू येत नाही.

मोगरा७१
@सांगलीकर वाचून डोळे भरून आले. बाबांना नमस्कार सांगा.

उंटसवार
एक मिनिटाचे डाव. त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रात्री साडेअकराला "एक खेळतो आणि झोपतो" म्हणून सुरू करायचो. हरलो की तो हिशोब चुकता केल्याशिवाय झोप नाही, जिंकलो की हात गरम आहे म्हणून पुढचा. दोन वाजायचे. चार महिन्यांत रेटिंग दोनशेने खाली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळ्यांसमोर चौकटी. त्यात विचार नसतोच, आधीच चाल लावून ठेवायची आणि समोरच्याचा वेळ संपवायचा. बायकोने काही म्हटलं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तू जिंकलास तरी रागावलेलाच असतोस." ॲप काढून टाकलं. आता १५ मिनिटांचे दोन डाव, तेही फक्त रविवारी. ज्यांना अजून हे लागलेलं नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नका, कळकळीने सांगतो.

प्याद्याचा_वजीर
मी आठ वर्षं शिकवतोय, त्यातली पाच ऑनलाइन. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली दोन भावंडं माझ्याकडे आहेत. त्यांच्या तालुक्याला प्रशिक्षक नाही. रोज पुण्याला आणणं त्या बापाला जन्मात जमलं नसतं. म्हणून ऑनलाइनला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडतो.
पण एक गोष्ट डोळ्यांदेखत होते. डाव संपला की पोरं लगेच संगणकाचं विश्लेषण उघडतात. तिथे लिहून येतं, अधिक १.३, म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याहून थोडा वरचढ. "सर, पांढरा चांगला आहे." का? गप्प. यंत्राने सांगितलं म्हणून. कुठला घोडा कोंडलाय, कुठलं प्यादं एकटं पडलंय, हे बघायचं राहूनच जातं. मी आता नियम केलाय: डाव संपला की वही काढायची, आठवून सगळ्या चाली हाताने लिहायच्या, जिथे भीती वाटली तिथे गोल करायचा. नंतर यंत्र. सुरुवातीला वीस चालींच्या पुढे आठवायचं नाही कुणाला. आता बीडची धाकटी चाळीस-चाळीस लिहिते.
ॲपवरच्या कोड्यांचंही तसंच. कोडं समोर आलं की माहीत असतं, इथे काहीतरी दडलंय. खऱ्या डावात "आता नीट बघ" असं कुणी सांगायला येत नाही. आणि राजा-प्याद्याचा शेवट शिकायचा सगळ्यांना कंटाळा, चार चालींची मात मात्र तोंडपाठ!

कोकणपुत्र
आमच्याकडे चालीआधी लाइट जाते 😀 जिंकत आलेला डाव, वजीर वरचढ, आणि वायफाय गुल. वेळ संपून हार.
पण हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही हो. २०२० चं ऑनलाइन ऑलिंपियाड आठवतंय? अंतिम फेरी भारत-रशिया, दुसऱ्या लढतीत निहाल सरीन आणि दिव्या देशमुखचं कनेक्शनच तुटलं, वेळ संपून डाव गेले. मग फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, दोन्ही संघांना सुवर्ण दिलं. आपला नाशिकचा विदित गुजराथी कप्तान होता. आम्ही सगळे एका मोबाईलभोवती जमून बघत होतो.

मोगरा७१
आणि तीच दिव्या तेव्हा १४ वर्षांची! २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. नागपूरला माहेर माझं, त्या दिवशी सगळ्या आत्या-मावश्यांना फोन केले.
मी शाळेत असताना पेपरात मुंबईच्या बुद्धिबळपटू खाडिलकर भगिनींचे फोटो यायचे, रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली तेव्हाचं कात्रण माझ्या कंपासपेटीत होतं. पण आमच्या गावात मुलगी खेळणार कुणाशी? वाचनालयात चार काका खेळायचे, तिथे उभं राहायचीही सोय नव्हती. आता साठीला टेकताना नातीने शिकवलंय ऑनलाइन. टोपणनाव असं घेतलंय की बाई की बुवा कळत नाही, कारण नातीच्या नावावरून मुलगी आहे हे कळलं की चॅटमध्ये नको नको ते लिहायचे. चॅट बंद करता येतं, ते आधी करा. मुलींच्या आयांनो, हे खरंच करा.

निळूफुले
आमच्या चिरंजीवांचं खातं बंद झालं. वय १३. दुसऱ्या टॅबमध्ये यंत्र उघडून चाली बघायचा. आम्हाला कळलं ते निरोप आला तेव्हा. विचारलं तर म्हणाला, "वर्गातल्या सगळ्यांचं रेटिंग माझ्यापेक्षा जास्त आहे." ओरडायला तोंड उघडलं होतं, मिटलं. तीन दिवस जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. मग त्यानेच कपाटावरचा पट खाली काढला आणि माझ्यासमोर मांडला. मला घोडा कसा चालतो एवढंच येत होतं.

चिंचबोर
@निळूफुले धीराने घेतलंत, फार बरं केलंत. मला एकदा उलटा अनुभव, समोरचा साध्या मारामारीलाही मोजून सहा-सात सेकंद घ्यायचा, म्हणजे यंत्राला विचारत असणार. तक्रार केली, आठवड्याने गेलेले गुण परत आले.

स्पर्श
जन्मापासून दिसत नाही मला. आमच्या पटाला भोकं असतात, काळी घरं उंच, एका रंगाच्या सोंगट्यांना डोक्यावर टोक. हाताने चाचपून खेळतो. तो पट बरोबर नेला की समोरचा माणूस आधी दबकून बोलतो, मग मुद्दाम हळू खेळतो. ऑनलाइन स्क्रीन रीडरवर चाली ऐकतो आणि टाईप करतो. समोरच्याला काही ठाऊक नसतं. मला हरवायला तो जिवाचं रान करतो. हा फायदा यादीत लिहून ठेवा.

उंटसवार
@स्पर्श कधी खेळूया? १५ मिनिटं. रविवारी.

स्पर्श
@उंटसवार चालेल. दया दाखवू नका.

पुणेरी_पगडी
लाकडी पट घ्यावा की गुंडाळायचा रेक्झिनचा? आणि कॅसलिंगला (राजा-हत्तीची एकत्र चाल) मराठीत काय म्हणतात, मुलगा विचारतोय.

प्याद्याचा_वजीर
किल्लेकोट. रेक्झिनचाच घ्या, स्पर्धेत तोच असतो, सोंगट्या जरा वजनदार बघा. राजा साधारण पावणेचार इंच उंच.

रानजाई
सगळं लेकाला वाचून दाखवलं. वाटीची कल्पना फार आवडली त्याला, आत्ता टणाटण चाललंय. पुढची स्पर्धा पंधरा दिवसांनी, जायचं म्हणतोय. @सांगलीकर, आज बाबांची चाल आली का?

सांगलीकर_सध्या_जर्मनीत
आली. हत्ती दिलाय मला फुकट. काहीतरी डाव आहे म्हाताऱ्याचा, दुपारपासून बघतोय, सापडत नाहीये.