प्रोस्टेट कॅन्सर: ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवलं तर चालेल? (सांगली)

कृष्णाकाठची लेक: वडील ६६ वर्षांचे, हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. डॉक्टरांच्या बोटाला एका बाजूला बारीक गाठ लागली म्हणून बायोप्सी केली. बारापैकी दोन तुकड्यांत कॅन्सर, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याची श्रेणी) ३+३, म्हणजे सौम्य. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ४.२, सोनोग्राफीत प्रोस्टेट ५२ सीसी. मिरजेतले एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून मोकळे व्हा, दुसरे म्हणतात लक्ष ठेवू. आत्या रोज फोनवर, ‘कॅन्सर अंगात ठेवून कोणी स्वस्थ बसतं का!’ काय करू?

पलूसकर: ताई, माझ्या सासऱ्यांना असंच ठेवलंय, मजेत आहेत. ऑपरेशननंतर लघवी न थांबण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो. इंग्लंडातल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १५ वर्षांत या कॅन्सरने दगावले ते शंभरात तीनच्या आसपास. ऑपरेशन, रेडिएशन, लक्ष ठेवणं, तिन्ही गटांत. आत्याबाईंना सांगा.

मिरजलॅब: हे अर्धंच झालं. त्याच चाचणीत लक्ष ठेवलेल्यांत कॅन्सर पसरला ९.४ टक्क्यांना, ऑपरेशनवाल्यांत ४.७. तेव्हा निवडताना एमआरआय करत नव्हते. म्हणून माणूस पारखून घ्यायचा. ताई, वडील लघवीसाठी काही गोळी घेतात?

कृष्णाकाठची लेक: हो, रात्री एक. टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र, दोनेक वर्षं झाली. फाइल दोन्हीकडे दाखवली, गोळीचं कुणी विचारलं नाही.

मिरजलॅब: मेख तिथेच आहे. ड्युटास्टेराइड सहा महिने पोटात गेलं की पीएसए साधारण निम्मं दिसतं. तुमचं ४.२ म्हणजे ८.४ धरा. पीएसएला प्रोस्टेटच्या आकाराने भागायचं, ०.१५ च्या आत असलं तर बरं. ४.२ धरून ०.०८ येतं, ८.४ धरून ०.१६! गोळीने ग्रंथीही आक्रसते, त्यामुळे हा आकडा काटेकोर नाही. लगेच ऑपरेशन करा असाही याचा अर्थ नाही. पण एमआरआयशिवाय ठरवू नका. बायोप्सी होऊन सहा-आठ आठवडे जाऊ द्या, आत रक्त साकळलेलं असेपर्यंत चित्र नीट येत नाही. संशयाची जागा दिसली तर तिथला तुकडा पुन्हा घेतील. स्लाइडही दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा. ग्लीसनचा आकडा ३ की जास्त आक्रमक ४ यावर दोघांचं मत वेगळं पडू शकतं, आणि सगळं त्यावरच अडलंय. घरात कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर?

कृष्णाकाठची लेक: आत्यालाच. स्तनाचा. आता बरी आहे.

मिरजलॅब: कितव्या वर्षी झाला ते विचारा. पन्नाशीच्या आत असेल तर जनुकीय तपासणीचं डॉक्टरांशी बोलाच. बीआरसीए२ या जनुकात (त्यातल्या दोषाने असे कॅन्सर घराण्यात येतात) दोष निघाला तर मी तरी नुसतं लक्ष ठेवा म्हणणार नाही.

पलूसकर: आणि वडील तपासण्या चुकवणारे नाहीत ना? सहा महिन्यांनी पीएसए, मधूनमधून एमआरआय, बायोप्सी. ‘मला काय धाड भरलीय’ म्हणणाऱ्याचं हे काम नाही.

कृष्णाकाठची लेक: दिवाणजी आहेत हो, लाइट बिलंसुद्धा तारीखवार लावलेली असतात. स्लाइड टाटाला नेली तर चालेल?

मिरजलॅब: चालेल. नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून बायोप्सीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. आणि गोळीचं पाकीट सोबत ठेवा.