मदत हवी आहे: हुद्द्याची पट्टी चढल्यावर स्ट्रेचर कोणी उचलायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या तरुणांचं गणवेशातलं प्रथमोपचार पथक आहे, इथेच नागपुरात. शिबिरात तुकडीप्रमुखांसमोर 'सर्व्हंट लीडरशिप'वर (म्हणजे पुढाऱ्यानं आधी सेवक व्हायचं) वीस मिनिटं बोलायचंय, तेही मराठीत. 'सेवक नेतृत्व' म्हटलं की पोरं जांभया देतात.

खरी अडचण वेगळीच. दंडावर पट्टी चढली की काही जण स्ट्रेचरला हातच लावत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात धाकटी पोरं ओआरएस वाटत फिरतात अन् हे सावलीत शिट्टी फुंकतात. (त्या वयात मीही हेच केलं, कबूल.)

बायबलमधल्या योहान 13 मधलं येशूनं शिष्यांचे पाय धुणं सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच ते आता कोणाला टोचत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन डेस्मंड डॉसचं उदाहरण घेतोय: अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा ख्रिस्ती, अधिकारी नव्हे, साधा वैद्यकीय सैनिक, 1945 मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावर हत्यार न धरता त्यानं सुमारे 75 जखमींना दोरानं कड्याखाली उतरवलं. पण गोष्ट ऐकून शिट्टी सुटेल का?

सीपीआरमध्ये (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबताना) दर 2 मिनिटांनी छाती दाबणारा बदलतो. तसा सरावात हुद्दाच फिरवला तर? कोणी करून पाहिलंय का? शिस्त बिघडते का? आणि 'सर्व्हंट लीडर'ला बोलीतला एखादा शब्द सुचवा ना.