आठ पेल्यांचा हिशेब आणि ताटातले पाणी
प्रत्येकाने दिवसाला आठ पेले पाणी प्यायलाच हवे, हे नेहमी ऐकू येणारे मत सरसकट मान्य करणे कठीण आहे. या आकड्याचे मूळ बहुधा अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाच्या 1945 सालच्या शिफारशीत सांगितले जाते. तीत अडीच लिटर म्हटले होते खरे, पण त्यातील बहुतेक पाणी अन्नातूनच मिळते, हे लगतचे वाक्य सोयीस्करपणे गाळले जाते. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर जेवण उरकणाऱ्याला (आणि ते आम्ही आवडीने उरकतो) ताटातून पाणी जेमतेमच मिळते, उलट चटणीतले मीठ तहान वाढवते. वरण-भात, काकडी, ताक घेणाऱ्याचा हिशेब निराळा.

दुसरा मुद्दा घामाचा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे असताना यंत्रमागावर उभे राहणाऱ्या माझ्या काकांच्या सदऱ्यावर पाळी संपताना मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असत. इतका घाम गेल्यावर नुसतेच पाणी भराभर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटू शकते, त्यामुळे ते मीठ घातलेले ताक बरोबर नेत, हे योग्यच होते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.