मदत हवी आहे: आईचं कार्पल टनेलचं (मनगटात नस दाबली जाते त्याचं) ऑपरेशन करावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरला विडी घरकुलात राहतो. आईचं सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. आता उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर असतात. रात्री मुंग्या येऊन जाग येते, मग ती हात झटकत बसते. पान कापताना कैची हातातून सुटते. अंगठ्याखालचा मांसल भाग सपाट झालाय, आणि मला खरी धास्ती त्याचीच आहे.

नसांच्या तपासणीत त्रास बराच वाढलेला निघाला. स्प्लिंट (मनगटाला आधार देणारा पट्टा) लावून झाला, इंजेक्शनचा गुण टिकला नाही. शुगर, थायरॉईड नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, मनगटातलं लिगामेंट कापून नस मोकळी करू. हात तेवढा बधिर करायचा, त्याच दिवशी घरी. मुंग्या बहुतेक थांबतील, पण वाळलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तुमच्या घरी कुणाचं इतक्या उशिरा ऑपरेशन झालं असेल तर कृपया सांगा: बोटांची जाण परत आली का? तळहात किती दिवस दुखला? लाटणं, कैची नीट धरता यायला किती काळ लागला? टाक्यांचं केलं की दुर्बिणीचं? डाव्या हातालाही सुरुवात झालीय, त्यामुळे फार थांबता येणार नाही. सोलापुरातले हाताच्या शस्त्रक्रियेचे अनुभवी डॉक्टर माहीत असतील तर नक्की कळवा.