इंग्लंडचा ‘न्यूसन्स इन्स्पेक्टर’ नेमकं काय करायचा?

मुकादमाची_लेक (भवानी पेठ)
मी स्वच्छता निरीक्षकाच्या पदविकेला आहे. बाबा मुकादम आहेत, सकाळी सहाला आरोग्य कोठीवर सफाई कामगारांची हजेरी घेतात. आम्हाला अभ्यासाला इंग्लंडचा १८७५चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे. त्यात प्रत्येक नागरी स्वच्छता जिल्ह्याला एक वैद्यकीय आरोग्य अधिकारी आणि एक ‘इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस’. व्याख्या पाठ झाल्या, पण हा माणूस सकाळी घरातून निघून काय करायचा ते डोळ्यांसमोर येत नाही. आणि तिकडे एवढी व्यवस्था होती, तर १८९७च्या प्लेगात आपल्या पुण्यात घराघरांत सोल्जर का घातले?

निवृत्त_निरीक्षक
मुली, मी हीच नोकरी तीस वर्षं केली, म्हणून सविस्तर लिहितो.

त्याची यादी कायद्यातच होती. तुंबलेला संडास, घाण साचलेलं डबकं, वाईट अवस्थेतलं गटार, रोग होईल अशा रीतीने पाळलेली जनावरं, उकिरडा, एका घरात कोंबलेली माणसं, काळा धूर सोडणारं धुराडं. या सगळ्याला मिळून ‘न्यूसन्स’, आपण उपद्रव म्हणतो. तो बघायचा, वर कळवायचा, मग घरमालकाला मुदतीची नोटीस. मुदतीत काम झालं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे. डॉक्टरचं, म्हणजे वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याचं, काम निराळं: कुठल्या गल्लीत किती माणसं कशाने मेली याचा हिशेब ठेवायचा. लिव्हरपूलला डॉ. डंकन १८४७पासून हे करत होते. १८४८च्या कायद्याने, जिथे वर्षाला हजारी मृत्यू २३च्या वर तिथे स्थानिक आरोग्य मंडळ लादता यायचं. तरी लंडनबाहेर असा डॉक्टर नेमण्याची सक्ती व्हायला १८७२ उजाडलं. कारण गटारांचा खर्च करदात्यांच्या खिशातून, आणि मंडळावर बसणारेही करदातेच.

माझी पहिली नेमणूक नाना पेठेत होती. एका वाड्यात अठरा बिऱ्हाडं, दोन संडास, चेंबर भरून बोळात वाहत होतं. मालक म्हणे भाडेकरू भाडं देत नाहीत. भाडेकरू म्हणत, त्यांना वाडा पाडायचाय. नोटीस डकवली. आठव्या दिवशी गेलो तर नोटीस दारावर, चेंबर तसंच. आणखी आठवड्याने पंचनामा केला. खटला दाखल होणार हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्या खेपांमध्ये एका घरातलं लहान मूल जुलाबाने दवाखान्यात होतं. ते बरं झालं, पण नोटिशीनंतरचे ते आठ दिवस मला अजून टोचतात.

कसब्यातला
प्लेगचं मी सांगतो. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला. चारच कलमं. सरकारला योग्य वाटतील ते उपाय करता येतील, आणि सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावर दावा चालणार नाही. काका म्हणतात ती नोटीस, मुदत, मॅजिस्ट्रेट यातलं त्यात काही नव्हतं. प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून साताऱ्याहून रँड या इंग्रज अधिकाऱ्याला आणलं, आणि मार्च ते मे सैनिकांनी घरांची झडती घेतली. देवघरात बूट, बायकांची तपासणी, सामानाची जाळपोळ. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्लेगचा जंतू १८९४लाच हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे सिमॉन या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं १८९८मध्ये. त्याआधीच, १० मार्च १८९७ला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या, मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करता.

निवृत्त_निरीक्षक
खरं आहे, पण एक भर घालतो, नाहीतर मुलगी परीक्षेत चुकीचं लिहील. रुग्णाला वेगळं ठेवणं इंग्लंडातही होतं. १८७५च्याच कायद्यात, ज्याला धड राहायला जागा नाही अशा संसर्गाच्या रुग्णाला रुग्णालयात हलवता यायचं. मात्र त्याला डॉक्टरचा दाखला लागायचा आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम. इथे दारात बंदुका आल्या. लोकांनी आजारी माणसं लपवली, आणि एकदा माणसं लपायला लागली की कुठल्या गल्लीत किती आजारी, हा हिशेबच बुडतो.

मुकादमाची_लेक
काका, आता चित्र दिसलं. उद्या बाबांबरोबर कोठीवर जाते आणि नोटिशींची वही बघायला मागते. दुसऱ्या पाहणीच्या तारखेचा रकाना त्यात असतो का?

निवृत्त_निरीक्षक
आमच्या वेळी होता. तो आधी बघ. रिकामा दिसला तर तो पत्ता लिहून घे आणि बाबांना घेऊन तिथे जाऊन ये.